धक्का नसेल तिथे माल उतरवणाऱ्या नौदल तुकड्या : बीचमास्टर, सीबी आणि बाकीचे

तांडेल

विमानवाहू नौका आणि पाणबुड्यांवर इथे भरपूर लिहिलं गेलंय. धक्का, क्रेन, गोदी यांपैकी काहीच नसलेल्या किनाऱ्यावर रणगाडा, डिझेल, पिण्याचं पाणी, औषधं उतरवतात कशी, यावर धागा दिसला नाही, म्हणून हा काढतोय. उदाहरणं बहुतेक अमेरिकन नौदलाची आहेत. या एका कामासाठी कायमच्या तुकड्या त्यांनी उभ्या केल्या आणि त्यांच्या कार्यपद्धतीबद्दल बरंच छापील साहित्य उपलब्ध आहे.

आधी रचना. त्यांचे दोन नेव्हल बीच ग्रुप आहेत, एक कॅलिफोर्नियात कोरोनाडोला, दुसरा व्हर्जिनियात लिटल क्रीकला. त्यांच्या हाताखाली तीन प्रकारची माणसं असतात. बीचमास्टर युनिट किनाऱ्यावरची वाहतूक सांभाळतं. अँफिबियस कन्स्ट्रक्शन बटालियन पॉन्टूनचे, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पोकळ ठोकळ्यांचे, तरंगते पूल आणि इंधनाच्या नळ्या टाकते. असॉल्ट क्राफ्ट युनिट प्रत्यक्ष होड्या चालवतं. याच्या जोडीला २००६ च्या जानेवारीत नेव्ही एक्स्पिडिशनरी कॉम्बॅट कमांड उभी राहिली. बाँबनाशक पथकं, डायव्हिंग-साल्व्हेजवाले, सीबी (नौदलाचे बांधकाम सैनिक), माल चढवणारी-उतरवणारी कार्गो हँडलिंग बटालियन असे विखुरलेले लोक तिच्याखाली आले.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित माणूस बीचमास्टर. जहाज कितीही मोठं असो, दिवसाला किती टन माल खऱ्या अर्थाने जमिनीवर पोहोचणार हे शेवटच्या दोन-तीनशे मीटरवर ठरतं, आणि ते मीटर त्याच्या ताब्यात असतात.

त्याचं पहिलं काम लाटा मोजण्याचं. सलग १०० फुटणाऱ्या लाटांची उंची नोंदवायची आणि त्यातल्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढायची. सोबत सर्वांत उंच लाट, दोन लाटांमधले सेकंद, लाट घरंगळत फुटते की कोसळते, किनाऱ्याशी तिचा कोन, किनाऱ्याला समांतर ओढ किती नॉट, फुटणाऱ्या लाटांच्या रांगा किती आणि तो पट्टा किती रुंद, हे सगळं आल्फा ते हॉटेल (ए ते एच या अक्षरांचे रेडिओवरचे शब्द) या क्रमाने रेडिओवर जातं. त्यावरून तक्त्यांच्या आधारे एकच आकडा निघतो, मॉडिफाइड सर्फ इंडेक्स. एलसीएम-८ या किनाऱ्यावर टेकणाऱ्या होडीची मर्यादा ८, तिच्याहून मोठ्या एलसीयू होडीची १२. कोन आणि ओढ यांचे गुण त्यात वेगळे मिळवतात. त्यामुळे दिसायला बारीक लाटा असल्या तरी त्या तिरक्या येत असतील तर किनारा बंद ठेवावा लागतो.

तिरक्या लाटेची एवढी धास्ती का, तर होडी आडवी फिरते. नाळ (होडीचं पुढचं टोक) वाळूवर टेकलेली, मागचा भाग अजून पाण्यात. लाटेने मागचा भाग ढकलला की काही सेकंदांत होडी किनाऱ्याला समांतर पडते, पुढच्या लाटा कुशीवर बसतात आणि ती आत भरते. उपाय जुनाच आहे. किनाऱ्याकडे येतानाच मागचा नांगर लांब टाकायचा, दोर ताणलेला ठेवायचा, टेकल्यावरही इंजिन पुढच्या दिशेने चालू ठेवायचं. दोर ढिला पडला तर पंख्यात अडकतो. नांगर घसरला तर परत निघताना ओढून घ्यायला काहीच उरत नाही.

माल उतरला की होडी हलकी होते आणि लाट तिला आणखी वर ढकलते. त्यात ओहोटी असेल तर घड्याळ बघूनच काम करावं लागतं. समजा किनाऱ्याचा उतार ५० ला १ आहे आणि पाणी तासाला अर्धा मीटर उतरतंय. म्हणजे पाण्याची रेघ तासात २५ मीटर मागे गेली. अर्ध्या तासाचं काम तासभर रेंगाळलं तर होडी पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. म्हणून बीचमास्टरकडे बुलडोझर असतो. पात्याला गादी बांधून तो होडीला नाळेकडून पाण्यात लोटतो. वाळूत रुतलेले ट्रक काढायला, पुढचा रस्ता सपाट करायलाही तोच.

नीलिमा_ठाणे

फार छान धागा, तांडेल दादा. एक प्रश्न. एवढा खटाटोप करण्यापेक्षा हेलिकॉप्टर आणि हॉवरक्राफ्ट वापरून भागत नाही का?

तांडेल

नीलिमाताई, हेलिकॉप्टरचं गणित वजनावर अडतं. सीएच-५३ई सारखं दांडगं हेलिकॉप्टर खाली टांगून साधारण १६ टन नेतं, तेही जवळच्या अंतरावर. एब्रॅम्स रणगाडा एकटाच ६० टनांच्या पुढे.

हॉवरक्राफ्ट म्हणजे एलसीएसी खरोखर कामाचं आहे. ६० टन, ताण देऊन ७५ टन, वेग ४० नॉटच्या वर. साध्या होड्या जगातल्या साधारण १५-१७ टक्के किनाऱ्यांवर लागू शकतात, हे सत्तर टक्क्यांहून अधिक किनाऱ्यांवर चढतं. ओहोटीची फिकीर नाही, वाळूच्या दांड्याची नाही.

पण चार गॅस टर्बाइन इंधन पितात. मीठ आणि वाळू आत गेली की टर्बाइनची पाती झिजतात, म्हणून गोड्या पाण्याने धुलाई नेमाने करावी लागते. खालचा रबरी घेर खडकाने किंवा बुंध्याने फाटतो. उतरताना वाळूचं वादळ उठतं, सुटं काही असेल तर गोळीसारखं उडतं. त्यामुळे त्याची उतरायची जागा एलसीयूच्या जागेपासून लांब, मोठी आणि आधी झाडून साफ केलेली लागते. हे झाडणं, खुणा लावणं, हातवाऱ्यांनी आत घेणं पुन्हा बीचमास्टरच्याच माणसांकडे. १२५ टन माल एका खेपेत, थोड्या इंधनात न्यायचा तर सावकाश चालणारी एलसीयूच बरी पडते.

भांगाची_भरती

वाळूच्या दांड्याचा उल्लेख झाला, त्यावर आपल्याकडचं उदाहरण. डिसेंबर १९७१, कॉक्स बाजारच्या दक्षिणेला भारतीय नौदलाचा लँडिंगचा प्रयत्न. विश्वविजय या व्यापारी जहाजातून गोरखा पलटण नेली, समुद्रातच ती घडियाल आणि गुलदार या लँडिंग जहाजांवर चढवली. जहाज जिथे टेकलं तो किनारा नव्हता, किनाऱ्याआधीचा वाळूचा दांडा होता. दांडा आणि खरा किनारा यांच्यामध्ये पाण्याची खोल घळ असते. पाठीवर ओझं घेतलेले जवान रॅम्पवरून उतरले ते त्या घळीत. काही जण बुडाले. पलटणीला उभयचर मोहिमेचा सराव नव्हता आणि किनाऱ्याची आधी नीट पाहणी झालेली नव्हती.

त्याच्या २८ वर्षं आधी पॅसिफिकमधल्या तरावा बेटावर अमेरिकन मरीन उतरले. २० नोव्हेंबर १९४३, भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं ती. प्रवाळाच्या कड्यावर पाणी पुरेसं चढलंच नाही. सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स होड्यांना साडेतीन-चार फूट पाणी लागतं, त्या कड्याच्या बाहेरच अडकल्या आणि मरीन सैनिक शेकडो मीटर पाण्यातून गोळीबारात चालत गेले. साखळीपट्ट्यावर चालणारी एलव्हीटी वाहनं तेवढी कडा ओलांडू शकली. पाण्याखालची पाहणी करणारी पथकं त्यानंतर झपाट्याने वाढवली गेली.

पाहणी म्हणजे काय, तर जलतरणपटू किनाऱ्याला काटकोनात रांगेत ठरावीक अंतरावर थांबून ओळंब्याने खोली घेतात, पाटीवर लिहितात, आणि दांडा, घळ, खडक, अडथळे यांचा छेद काढतात. हा छेद ताजा हवा. दांडा वादळानंतर जागा बदलतो, जुन्या नकाशावर भरवसा ठेवून चालत नाही. दांड्यावर टेकलं तर रॅम्प उघडायच्या आधी पुढची खोली काठीने बघायची. इंजिनाचा जोर देऊन दांड्यावरून घसरत पलीकडे जाता येत असेल तर जायचं, नाहीतर मागे येऊन दुसरी जागा.

अंदमानात असलेल्या आपल्या एलसीयू मार्क-४ नौका, कोलकात्याच्या गार्डन रीचने बांधलेल्या आठ, अर्जुन रणगाडाही नेऊ शकतात. शेवटची एल-५८ मार्च २०२१ ला दाखल झाली. नौका आल्या ही मोठीच गोष्ट, पण किनारा वाचणारी माणसं तितकीच लागतात.

खडीवाला

आता सीबींबद्दल मी लिहितो. जानेवारी १९४२ मध्ये अॅडमिरल बेन मोरील यांना बांधकाम कारागीर भरती करायची परवानगी मिळाली. पर्ल हार्बरआधी बेटांवर नौदलाचे तळ नागरी कंत्राटदार बांधत होते. शत्रू आला तर त्या कामगारांना शस्त्र उचलण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता. म्हणून गवंडी, सुतार, डोझरचालक, वेल्डर यांनाच गणवेश दिला. सुरुवातीच्या भरतीत अनुभवी कारागीर घेतले, त्यामुळे त्यांचं सरासरी वय बाकी नौदलापेक्षा बरंच जास्त होतं.

पॅसिफिकमधल्या ग्वाडालकॅनाल बेटावरच्या हेंडरसन फील्ड या विमानतळावर ६ व्या बटालियनने धावपट्टी दुरुस्तीची जी पद्धत बसवली ती मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. धावपट्टीवर मार्स्टन मॅट म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्या. एक पट्टी १० फूट लांब, १५ इंच रुंद, ६६ पौंड, दोन माणसं सहज उचलतात. ५०० पौंडांचा बाँब पडला की साधारण १,६०० चौरस फूट मॅट उखडतो. त्यांनी तेवढ्याच मॅटचे गठ्ठे बांधून धावपट्टीच्या कडेने ठेवून दिले. एक खड्डा भरायला किती वाळू-खडी लागते ते मोजलं आणि तेवढी भरलेले ट्रक झाडांच्या आडोशाला उभे ठेवले. बाँबफेक थांबली की एक टोळी वाकलेला मॅट काढते, दुसरी ट्रक उलटवते, तिसरी कॉम्प्रेसरवरच्या ठोकण्यांनी थर दाबते, चौथी नवा मॅट जोडते. १०० माणसं, ४० मिनिटं.

दाबण्यात कसूर झाली तर? वरून सपाट दिसतं, पण विमानाचं चाक त्या जागी आलं की माती बसते, मॅट कमानीसारखा वाकतो आणि जोडाचे हुक सुटून वर येतात. टायर फाटायला तेवढं पुरे. म्हणून थर थोडा थोडा टाकून दाबायचा. सगळा ट्रक एकदम ओतून वरवर ठोकायचं नाही.

आजचा एएम-२ मॅट अॅल्युमिनियमचा, १२ फूट बाय २ फूट, दीड इंच जाड. तत्त्व तेच. तयारीचा मोठा भाग म्हणजे आधीच मोजून ठेवलेला माल.

बंदरकाठ

माल कसा भरला यावर तो कसा उतरतो हे ठरतं. हा मुद्दा राहिला, म्हणून कार्गो हँडलिंगवर थोडं.

ग्वाडालकॅनालचंच उदाहरण पुढे नेतो. जहाजं व्यापारी पद्धतीने भरून वेलिंग्टनला आली होती, म्हणजे जागा वाया न घालवता. लढाईसाठी उलटं लागतं. आधी लागणारं सर्वांत शेवटी भरायचं, जेणेकरून ते वर राहील. त्यात जहाजाची बरीच जागा रिकामी जाते आणि ती जाऊ द्यावी लागते. वेलिंग्टनच्या आओटेआ धक्क्यावर जुलै १९४२ च्या पावसात मरीन सैनिकांनी स्वतः सगळं उतरवून पुन्हा भरलं. पुठ्ठ्याची खोकी भिजून फुटली, धक्क्यावर कॉर्नफ्लेक्सचा चिखल झाला. पुढे ७ ऑगस्टला लँडिंग झालं, होड्या माल आणत राहिल्या, पण किनाऱ्यावर उचलून आत न्यायला माणसं फार कमी होती. ढीग पाण्याच्या रेघेपर्यंत आला, होड्यांना टेकायला जागा उरली नाही. ९ तारखेला जहाजं निघून गेली तेव्हा निम्म्याहून जास्त माल पोटातच होता. नंतर मरीन दोन वेळच्या जेवणावर आले, त्यातही जपान्यांकडून हाती लागलेला तांदूळ. स्वतंत्र, भरपूर मनुष्यबळाची किनारा-तुकडी हवी, हा आग्रह त्यानंतर धरला गेला.

याचं गणित करून बघा. धरलेले आकडे आहेत, पण पद्धत कळेल. जहाज ३ सागरी मैलांवर, एलसीयूचा वेग ९ नॉट, म्हणजे जायला २० आणि यायला २० मिनिटं. भरायला ४५, बांधणं-सोडणं १५, किनाऱ्यावर उतरवायला ३०. एक फेरी १३० मिनिटं. जहाजाच्या दोन बाजूंना भरता येतं, किनाऱ्यावर टेकायची जागा एकच. १२ तासांत ३ होड्यांच्या प्रत्येकी ५, म्हणजे १५ खेपा.

आता किनाऱ्यावर ट्रक रुतायला लागले आणि ३० च्या जागी ६० मिनिटं लागली. एकच जागा असल्यामुळे १२ तासांत जास्तीत जास्त १२ होड्या रिकाम्या होणार. चौथी होडी आणली तरी १२ च. पाचवी आणली तरी १२ च, फक्त बाहेर थांबलेल्यांची रांग वाढते. त्याऐवजी वाळूवर मॅट टाकून ६० चे पुन्हा ३० केले तर चौथ्या होडीसह २० खेपा होतात. होडीपेक्षा मॅट स्वस्त.

क्रेनबद्दल एकच सूचना, कारण अपघात तिथेच होतात. लंगर टाकलेलं जहाज डुलतं, तसं टांगलेलं ओझं झोके घेतं. दोर जितका लांब सोडाल तितका झोका मोठा. म्हणून ओझ्याला दोन विरुद्ध कोपऱ्यांना टॅगलाइन (झोका आवरायची दोरी), ती हाताला कधीही गुंडाळायची नाही, आणि ओझ्याच्या व होडीच्या कठड्याच्या मधे कोणी उभं राहायचं नाही. खालची होडी लाटेवर वर येत असताना ओझं टेकवलं तर आदळतं, खाली जात असताना टेकवलं तर स्लिंग (ओझं टांगायचा पट्टा) सैल होऊन लगेच झटका बसतो. होडी लाटेच्या माथ्यावर क्षणभर थांबते, तेव्हा टेकवून दोर भरभर ढिला सोडायचा.

नीलिमा_ठाणे

बंदरकाठ, खेपांचा हिशोब एकदम पटला. २०२४ मध्ये गाझाचा तरंगता धक्का तुटला, तो याच तुकड्यांचा का?

तांडेल

अर्धा. किनाऱ्याला जोडलेला ट्रायडंट धक्का अमेरिकन भूदलाच्या ७ व्या ट्रान्सपोर्टेशन ब्रिगेडचा. समुद्रात काही किलोमीटरवर जो तरंगता फलाट होता, जिथे मोठ्या जहाजातून ट्रक उतरत, त्याच्या जुळणीत नौदलाची अँफिबियस कन्स्ट्रक्शन बटालियन १ होती. फलाटावरून ट्रक भूदलाच्या बोटींत, बोटीतून साधारण ५५० मीटरच्या तरंगत्या पुलावर, तिथून वाळूवर. जमिनीवर पाय ठेवायचा नाही असा अमेरिकेचा निर्णय होता, त्यामुळे किनाऱ्याकडचं टोक इस्रायली अभियंत्यांनी धरलं.

१६ मे ला जोडला, १७ ला पहिले ट्रक गेले. २५ मे ला खवळलेल्या समुद्रात भूदलाच्या चार बोटी सुटल्या, त्यातल्या दोन अश्केलॉनजवळ किनाऱ्याला लागल्या. २८ ला धक्क्याचाच भाग तुटला. अश्दोदला नेऊन दुरुस्त केला, ७ जूनला परत जोडला. १४ जूनला समुद्र खवळणार म्हणून काढला, १९ ला जोडला, २८ ला पुन्हा काढला. १७ जुलैला काम संपल्याचं जाहीर झालं. एकूण साधारण १.९४ कोटी पौंड, म्हणजे ८,८०० टन मदत उतरली.

कारण सरळ आहे. ही पॉन्टून यंत्रणा सी-स्टेट ३ पर्यंतची, म्हणजे लाटेची सिग्निफिकंट उंची साधारण सव्वा मीटर. गाझाचा किनारा उघडा, पश्चिमेकडून अख्ख्या भूमध्य समुद्राचा पल्ला, आडोशाला बेट नाही, लाटरोधक बांध नाही. पॉन्टून एकमेकांना पिनांनी जोडलेले असतात. लाटेची लांबी तुकड्यांच्या लांबीशी जुळली की एक तुकडा वर आणि शेजारचा खाली, सगळा ताण पिनेवर आणि ती ज्यात बसते त्या कानावर. म्हणून हवामानाचा अंदाज बिघडला की तुटायच्या आधी काढून सुरक्षित बंदरात नेणं हीच खरी पद्धत. जून महिन्यात त्यांनी तेच केलं.

खडीवाला

तांडेल साहेब, एक भर. पेंटॅगॉनच्या महानिरीक्षकांच्या २०२५ च्या अहवालात आणखी एक कारण आहे. भूदलाची आणि नौदलाची तरंगती सामग्री एकमेकांशी जुळत नव्हती. फलाटाच्या आणि बोटीच्या उंचीत फरक असला की लाटेबरोबर एक दुसऱ्याच्या काठावर आपटतं. २७ बोटी व साधनांचं मिळून सुमारे ३ कोटी १० लाख डॉलरचं नुकसान, ६२ जण जखमी. दोन दलांनी एकाच कामासाठी वेगवेगळी सामग्री घेतली की हे होणारच, मग सराव कितीही करा.

मलबेरी ए चंही असंच झालं होतं. नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावरचं ते कृत्रिम बंदर १९ ते २२ जून १९४४ च्या वादळात मोडलं. त्यानंतर एलएसटी, म्हणजे रणगाडे-ट्रक उतरवणारी जहाजं सरळ भरतीला वाळूवर चढवून ओहोटीत कोरडी पडू दिली, ट्रक वाळूवरूनच बाहेर काढले, आणि उतरणारा माल वाढला. त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा चढउतार २० फुटांच्या आसपास असल्यामुळे ते जमलं. गाझात चढउतार फूट-दोन फूट, तिथे हा मार्ग बंदच.

हर्णैकर

रत्नागिरी-हर्णैच्या जुन्या लोकांना हे नवीन वाटणार नाही. आगबोट खोल पाण्यात उभी, माणसं आणि माल पडावातून किनाऱ्याला, आणि पावसाळ्याचे महिने वाहतूक बंद. सी-स्टेट हा शब्द नव्हता, पण मर्यादा माहीत होती. आज भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो चालते तिच्यामागे मांडव्याला बांधलेला लाटरोधक बांध आहे. तो नसता तर रॅम्पवरून गाडी चढवणं हे रोज सकाळी लाट बघून ठरवावं लागलं असतं.

पाणबुड्या_७

हैती राहिलं, ते लिहून थांबतो. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपात पोर्ट-ओ-प्रिन्सचा उत्तरेकडचा धक्का कोसळला. खालची भराव माती हादऱ्याने पाण्यासारखी झाली आणि क्रेनही पाण्यात गेली. दक्षिणेकडचा धक्का उभा होता, पण खालचे खांब फुटलेले. अमेरिकन नौदलाचे आणि भूदलाचे डायव्हर आणि सीबींची पाण्याखालची बांधकाम तुकडी यांनी तो वापरता येईल इतपत उभा केला. तोवर अँफिबियस कन्स्ट्रक्शन बटालियनच्या पॉन्टून होड्यांनी किनाऱ्यावर माल आणला.

अशा वेळी कामाचा क्रम पाळावा लागतो. आधी साइड-स्कॅन सोनारने अख्खी गोदी तपासायची, बुडालेलं काय आणि कुठे ते नकाशावर घ्यायचं. युद्धक्षेत्र असेल तर त्याआधी सुरुंग. इराकमधल्या उम्म कस्र बंदरात मार्च २००३ मध्ये याच कारणाने मदतीचं सर गॅलहॅड जहाज थांबून राहिलं होतं, सुरुंग हुडकायला डॉल्फिनही वापरले. मग डायव्हर प्रत्येक खांब हाताने चाचपतो, कारण गढूळ पाण्यात डोळ्यांना काहीच दिसत नाही. शेवाळ आणि शिंपले खरवडल्याशिवाय तडा कळत नाही. प्रत्येक खांबाला क्रमांक, तडा किती उंचीवर, आतली सळई उघडी आहे का, वाकली आहे का. सैल काँक्रीट काढून सळई साफ करायची, भोवती साचा बसवायचा आणि काँक्रीट नळीने तळापासून वर भरत न्यायचं. नळीचं तोंड ओल्या काँक्रीटमध्ये बुडालेलंच राहिलं पाहिजे. ते वर आलं तर पाणी मिसळतं, सिमेंट धुऊन जातं आणि साचा काढल्यावर आत नुसती खडी सापडते.

दुरुस्तीनंतरही वजनाची मर्यादा ठरवून ती पाटी धक्क्याच्या तोंडाशी लावायची, ट्रक एका वेळी एक सोडायचा, आणि मोठा हादरा बसला की डायव्हरने तेच खांब त्याच क्रमांकाने पुन्हा तपासायचे.

नीलिमा_ठाणे

मोठं जहाज धक्क्याला लागूच शकत नसेल तर डिझेल आणि पिण्याचं पाणी होड्यांतून पिंपं भरभरून आणतात का?

तांडेल

सुरुवातीला पिंपं आणि टँकर ट्रक, पण ते पुरत नाही. अँफिबियस कन्स्ट्रक्शन बटालियन तरंगती नळी टाकते, इंधनाला ६ इंची, पाण्याला ४ इंची, लांबी १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ३ किलोमीटर. दोन्हींच्या नळ्या, पंप आणि जोड पूर्ण वेगळे. नळी लाटेच्या पट्ट्यातून जाते तिथे बाजूच्या ओढीने धनुष्यासारखी वाकते, म्हणून दोन्ही अंगांना ठरावीक अंतरावर नांगर घालतात. आधी पाणी भरून दाब देतात, जोड गळत नाहीत ना बघतात, मगच इंधन सोडतात. किनाऱ्याच्या आणि जहाजाच्या झडपेवर एकेक माणूस रेडिओ घेऊन बसलेला असतो. बंद करताना आधी जहाजावरचा पंप थांबवायचा, मग किनाऱ्याची झडप. उलट केलं तर दाब नळीतच कोंडतो आणि सर्वांत कच्चा जोड फुटतो.